नसलेल्या जमिनीतले टोळ

७ मार्च

हे पत्र साप्ताहिक टोळ अहवालाच्या पाकिटात घातलंय, म्हणजे निदान उघडलं तरी जाईल. फोन तू उचलत नाहीस. मेल पाठवली की तुमच्या कार्यालयाचं यंत्र ती परत धाडतं, खाली एक ओळ जोडून: 'सदर देशाकडून येणारा मजकूर स्वीकारला जात नाही.' टोळांना अशी ओळ वाचता आली असती तर आपण दोघं केव्हाच घरी बसलो असतो.

हल्ली दोन देशांमध्ये ये-जा करायला एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे प्रादेशिक टोळ समितीचं टपाल. आमचं पाकीट तिसऱ्या देशातल्या समितीच्या कचेरीत जातं, तिथल्या बाई त्यावर शिक्का मारतात, मग ते तुमच्याकडे येतं. शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यायची तर गावाला वळसा. बाईंनी हे वाचलंच, तर त्यांना माझा नमस्कार.

तू इथून गेल्यापासून पहिल्यांदा लिहितेय, म्हणून हे नवऱ्याला लिहिलेलं पत्र आहे असं समजू नकोस. काम आहे.

मधल्या पट्टीत पक्षी उतरतायत.

तुला सांगायला नको, पण बाईंसाठी सांगते. आमचं कुंपण आणि तुमचं कुंपण यांच्यामध्ये कोरड्या नदीचं पात्र आहे. ते कोणाचंच नाही. शिवाय दोन देशांच्या टोळ-कराराच्या कलम सातप्रमाणे दोन्हीकडची पथकं आपापल्या कुंपणाच्या एक किलोमीटर अलीकडेच थांबतात, 'गैरसमज टाळण्यासाठी'. म्हणजे पात्र आणि त्याच्या दोन्ही अंगांची जमीन कोणीच पाहत नाही. आम्ही समजतो तुम्ही पाहता. तुम्ही समजता आम्ही. नकाशावर तिथे दोन्हीकडून पांढरं आहे, आणि अहवालात पांढऱ्याचा अर्थ 'आढळले नाहीत' असा होतो. 'पाहिले नाहीत' असा रकानाच नाही.

हे कलम कोणी लिहिलं ते तुला आठवत असेल. लग्नाच्या आधी, एकाच टेबलावर बसून, चहा गार होईपर्यंत. आपल्या पहिल्या संयुक्त मसुद्याचं केवढं कौतुक झालं होतं.

जानेवारीत अवेळी पाऊस झाला, पात्रातली वाळू आतपर्यंत भिजली. फेब्रुवारीत एक विस्कळीत थवा वरून गेला. तो तुमच्याकडे उतरला असं आम्ही लिहिलं, आमच्याकडे उतरला असं तुम्ही लिहिलंत. तो कुठे उतरला ते आता पक्षी सांगतायत. करकोचे एका रांगेत चालत काहीतरी टिपतात आणि रोज थोडे पुढे सरकतात. वाळूतून अंडी फुटली आहेत.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, ती जमीन अधिकृतरीत्या अस्तित्वात नाही. नसलेल्या जमिनीवर असलेले टोळ मी कुठल्या रकान्यात दाखवू?"

"पंख फुटल्यावर ते असलेल्या जमिनीवर येतील, साहेब."

"तेव्हा दाखवू."

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. दोन कार्यालयांच्या मधला टोळ मात्र पोटभर जेवतो.

तू तुमच्या बाजूने जाहीर केलंस तर आमचे साहेब लगेच करतील. आधी कोणी कबूल करायचं एवढाच प्रश्न आहे. पिल्लांचे पंख या प्रश्नासाठी थांबणार नाहीत.


१३ मार्च

तुझं उत्तर यायला अजून वेळ आहे हे कळतं, तरी दर तासाला टपालाच्या खोलीत डोकावते. तिथला माणूस आता मला बघितल्याबरोबर दोन्ही हात रिकामे करून दाखवतो.

चौकीवरच्या शिपायाने काल बिस्किटांच्या डब्यातून काही पिल्लं आणून दिली. म्हणाला, "जमीनच काळी झालीय, आणि सरकतेय." मी ती जाळीच्या पिंजऱ्यात घालून टेबलावर ठेवली आहेत. काळीकुट्ट, मुंगळ्यापेक्षा थोडी मोठी. त्यांनी दुसऱ्यांदा कात टाकली. पाचव्यांदा टाकतील तेव्हा पंख असतील. तुला काय सांगायचं, हे मला तूच शिकवलंस असं सगळ्यांना सांगत असायचास.

पिंजरा कसाही फिरवला तरी ती एकाच बाजूला तोंड करून उड्या मारतात. दिवसभर जाळीवर टपटप. शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीसाने कानांत कापूस घातला. मला त्या आवाजाचा त्रास होत नाही, उलट तो थांबला की मी उठून बघते. माझंही तेच चाललंय. खुर्चीत बसते, उठते, गच्चीवर जाते, खाली येते. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तुम्हाला पण पिंजऱ्यात ठेवायला लागेल."

एकेकटा टोळ किती भला असतो. मातकट रंगाचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात, झुडपाखाली गुपचूप राहणारा. गर्दीत एकाचे पाय दुसऱ्याच्या पायांना लागायला लागले की त्याचा रंग बदलतो, चाल बदलते, भूक बदलते. साहेबही एकटे असताना सुज्ञ बोलतात. बैठकीत त्यांना पंख फुटतात.

तुझ्या आई बऱ्या आहेत. विचारलं नाहीस, तरी सांगते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन पिशव्या घेऊन आल्या होत्या, आता माझ्या कपाटात माझ्यासाठी एक कप्पा उरलाय. सीमेवरचं फाटक बंद झालं तेव्हा त्यांना वळशाच्या रस्त्याने पाठवण्याची सोय होत होती. त्या म्हणाल्या, "तो न्यायला येईल तेव्हा जाईन. सामान आहे का मी, पाठवायला?" तेव्हापासून आम्ही दोघी एका घरात राहतोय, आणि तू सोडून सगळ्या विषयांवर आमचं भांडण होतं.

मागे अंगणात त्यांनी काकड्या आणि टोमॅटो लावलेत. परवा विचारत होत्या, "ते तुझे किडे इथवर येतील का?"

मी म्हटलं, "पंख फुटले तर पहिल्या दिवशी."

"मग बसलीयेस काय अशी?"

बसलेली नव्हते. सांगितलं ना, बसवतच नाही.


२४ मार्च

उत्तर मिळालं.

'आपल्या दि. ७ च्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. आमच्या क्षेत्रात टोळ आढळलेले नाहीत. सहकार्याबद्दल आभार.'

तुझी सही आहे. पूर्वी 'य' ची शेपटी लांब काढायचास, आता तीही आवरती घेतलीस. समितीच्या बाईंनी कडेला पेन्सिलीने लिहिलंय, 'क्षमस्व, एवढंच आलं.' त्यांनी सगळं वाचलं तर. बरं झालं, कोणीतरी वाचतंय.

पत्र घरी नेलं नव्हतं, पण आईंना चेहऱ्यावरून कळतं. म्हणाल्या, "काय म्हणतो?"

"आभार म्हणतो."

"कशाबद्दल?"

"सहकार्याबद्दल."

त्या थोडा वेळ काकडी चिरत राहिल्या. मग म्हणाल्या, "लहानपणी पण असाच. घरात साप निघाला तेव्हा दार लावून घेतलं आणि म्हणाला, माझ्या खोलीत नाही."

तुला वाटेल मी आईंकडून तुझी बदनामी करून घेते. त्यांना माझी मदत लागत नाही.

तुझा नाइलाज मला कळतो. जो देश आधी टोळ जाहीर करतो त्याच्यावर वार्षिक बैठकीत सगळे तुटून पडतात: तुमच्याकडूनच आले, तुम्हीच वाढवलेत, भरपाई द्या. मागच्या वेळी एका शिष्टमंडळाने टोळांचं नागरिकत्व सिद्ध करायला नकाशे आणले होते. आम्हीही आणले होते. आमचे मोठे होते. तर तू का म्हणून मान पुढे करावीस? मीच केली असती, पण माझी मान साहेबांच्या सहीखाली आहे.

पिंजऱ्यातल्यांनी परत कात टाकली. आता काळ्यावर पिवळे पट्टे आलेत. पाठीवर पंखांच्या जागी बोटाने दाबल्यासारखे दोन उंचवटे आहेत. फवारणी करायची तर आत्ताच, जमिनीवर आहेत तोवर. त्यानंतर ती आपल्या हातात नाहीत, वाऱ्याच्या हातात आहेत. आणि या दिवसांत वारा सकाळी एक बोलतो, दुपारी दुसरं. तुमच्या बाजूची फळबाग आणि आमच्या बाजूची ज्वारी त्याला सारखीच.

यापुढे लिहीन असं वाटत नाही. आढळलं तर कळवते.


२७ मार्च

हे पाकिटात घालणार नाही. तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय हात ठिकाणावर राहत नाहीत.

सकाळी घरच्या गच्चीवर तिपाईची मोठी दुर्बीण लावली होती. आई रोजच्यासारख्या हवा खायला वर आल्या. मी पट्टी बघत होते. पक्षी होते तिथेच होते, पण त्यांच्या पलीकडे, तुमच्या कुंपणाच्या बरंच अलीकडे, पात्रातल्या वाळूत काठ्या रोवलेल्या दिसल्या. प्रत्येक काठीला फडकं. एक, मग पुढे दुसरी, मग वळणापाशी तिसरी.

पिल्लांचा जथा कुठून कुठे चाललाय ते दाखवायला पाहणीवाला काठ्या रोवतो, म्हणजे मागून येणाऱ्या फवारणीच्या गाडीला शोधत फिरावं लागत नाही. हे आपल्या धंद्याबाहेरच्या कोणाला ठाऊक नसतं. चौकीवरचे शिपाई काठ्या रोवत नाहीत. आणि जथ्याच्या तोंडाशी काठी थोडी तिरकी, चालण्याच्या दिशेला झुकवून, ही खोड तर साऱ्या प्रदेशात एकाच माणसाची आहे.

तरी मी मनाला म्हटलं, त्यांच्याकडे कोणी नवीन आला असेल, याच्याकडून शिकला असेल.

आई म्हणाल्या, "काय बघतेस एवढं? सरक." डोळा लावला. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना नको ते सगळं दिसतं. दुर्बीण थोडी फिरवली. मग म्हणाल्या, "हा माझ्या खोलीतला पडदा."

"काहीतरीच काय आई."

"पोपटी, नारिंगी किनारीचा. मी शिवलाय. असला रंग जगात दुसरं कोण घरात लावील? फाडला मेल्याने."

तो पडदा. तुला डोळ्यांसमोर नको असायचा. तो काढ म्हणून तू किती वेळा आईंच्या मागे लागायचास, आणि त्या आईपणाच्या सगळ्या अधिकारात तो परत लावायच्या. इतकी वर्षं त्या खोलीत कोणी राहत नसताना तू तो तसाच ठेवलास, आणि फाडलास तो आत्ता, लांबून दिसेल असं फडकं पाहिजे म्हणून. माझ्याच गच्चीवरून दिसेल असं.

सही करून आढळले नाहीत म्हणालास, आणि मग एकटा जाऊन मोजून आलास. त्या जमिनीवर पाय ठेवणाऱ्याला काय होतं ते तुला माहीत होतं.

आई खाली गेल्या. थोड्या वेळाने वर येऊन मला म्हणाल्या, "त्याला सांग, शिवण उसवून काढायची होती. फाडायची नव्हती."


३१ मार्च

हेही पाकिटात नाही. समितीच्या बाई रुसतील.

साहेबांकडे गेले. टोळांबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हटलं, "साहेब, फवारणीची गाडी गेल्या हंगामापासून उभी आहे. पुढच्या महिन्यात तपासणी. चाचणी घ्यायला हवी."

"घ्या ना."

"लागवडीच्या जमिनीवर औषध मारता येत नाही. गुरं चरतात तिथे नाही, वस्तीजवळ नाही. पडीक, निर्मनुष्य जागा पाहिजे."

त्यांनी चष्मा काढला. त्यांना सगळं कळलं होतं, पण न कळण्याचा त्यांचा अनुभव दांडगा आहे. "अशी जागा आपल्याकडे कुठेय?"

"आपल्याकडे नाही. म्हणूनच."

बराच वेळ त्यांनी पिंजऱ्याकडे बघितलं. टपटप चालूच होती. मग कागद ओढला. "यंत्रचाचणी. फक्त यंत्रचाचणी. त्या जागी एखादा कीटक योगायोगाने मेला, तर कार्यालय जबाबदार नाही." सही केली आणि वर म्हणाले, "मॅडम, चाचणी नीट घ्या. कोपरे सोडू नका."

या माणसाबद्दल मी आजवर जे जे बोलले त्यातलं निम्मं मागे घेते. निम्मं राहू दे.

चौकीवरच्या अधिकाऱ्याने कागद उलटासुलटा करून वाचला. म्हणाला, "टोळ असते तर वर विचारायला लागलं असतं. चाचणीला काय." फाटकाचं कुलूप गंजलं होतं, ते तोडायला मात्र वर विचारायला लागलं.

एका गाडीने अख्खी पट्टी होणार नाही. वळणापलीकडची बाजू तुमच्याकडूनच मारायला हवी, आणि एकाच सकाळी, नाहीतर इकडून हाकललेली पिल्लं तिकडे जातील. तुला कळवायचं कसं? टपालाने आठवडा जाईल. तेवढा आठवडा पिल्लांकडे नाही.

शेवटी तूच शिकवलेलं वापरलं. घे, कबूल केलं. एका काठीला दोन फडकी म्हणजे उद्या सकाळी फवारणी. आज संध्याकाळी आमच्या बाजूच्या पहिल्या उंचवट्यावर काठी रोवून आले. फडकी आईंनी दिली, त्यांच्या उशीचा अभ्रा फाडून. फाडून, उसवून नाही. 

तू बघतोयस का, तेवढंच आता कळायचं आहे.


१ एप्रिल

तू बघत होतास.

धूळ आधी दिसली, मग गाडी. ड्रायव्हर म्हणाला, "तिकडे पण यंत्रचाचणी दिसतेय." तुमच्या साहेबांना तू काय सांगितलंस हे विचारायचं राहूनच गेलं. विचारणार कसं म्हणा, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, कानांत इंजिनाची घरघर.

सगळं जथ्यांनी भरलं होतं. काठ्या होत्या तिथेच होत्या, एकही जथा तुझ्या काठीपासून लांब नव्हता. आम्ही वाऱ्याला आडवे जात मारत गेलो, तू तिकडून येत होतास. झुडपांवरून पिल्लं गळून पडत होती, त्यांचा टपटप आवाज पिंजऱ्यातल्यासारखाच, फक्त मैलभर पसरलेला.

वळणाजवळ आपल्या गाड्या समोरासमोर आल्या. मध्ये एक काठी, पोपटी फडक्याची. तू खाली उतरलास. मीही. मला वाटलं तू काहीतरी बोलशील. तू हात वर करून वारा फिरल्याचं दाखवलंस. तो खरंच फिरला होता. तुमच्या बाजूला ओढत होता, फळबागेकडे. थांबायला हवं होतं, म्हणून दोघांनी यंत्रं बंद केली. वळणापुढचा काटेरी झुडपांचा तुकडा राहिला तो राहिलाच.

मग घरघर थांबली. इतकी शांतता झाली की काही बोलावंच लागेल असं वाटलं. तू मास्क खाली ओढलास आणि विचारलंस, "आईचा डोळा कसाय?"

मी म्हटलं, "पडदा ओळखला."

तू हसलास की खोकलास ते कळलं नाही. तेवढ्यात दोन्ही चौक्यांवरून शिट्ट्या झाल्या आणि आपण शिस्तीत आपापल्या देशांत परत गेलो.

जाडा झालायस. चष्मा आणि मास्क लावूनही दिसतं.


९ एप्रिल

हे आणि मागची तीनही आज पाकिटात घालतेय. बाई, तुमची करमणूक होवो.

आधी कामाचं. काटेरी तुकड्यातली पिल्लं वाचली, त्यांना पंख फुटले. आज सकाळी थवा उठला. लहान आहे, गुलाबी रंगाचा, अजून नीट उडता येत नाही असा. गच्चीवरून बघत होते. आधी आमच्याकडे वळला, काकड्यांवर सावली पडली, आई झाडू घेऊन बाहेर आल्या. मग वाऱ्याने मन बदललं आणि तो तुमच्याकडे गेला, फळबागेच्या वरच्या अंगाला. संध्याकाळी थंडी पडल्यावर झाडांवर बसेल. पहाटे ऊन यायच्या आत गाठ. एवढा एकच आहे, पट्टीतल्या बाकीच्यांचा हिशेब संपला. हे पत्र पोचेपर्यंत वरातीमागून घोडं होईल हे मला माहीत आहे. म्हणून गच्चीवर काठी लावली आहे, तिरकी, तुमच्या दिशेला झुकवून. फडकं माझ्या ओढणीचं आहे. दुर्बीण तुझ्याकडेही असेलच.

आणि या वेळी अहवालात 'आढळले' लिही. मीही लिहिलंय. साहेबांनी मान खाली घालून सही केली आणि मला पुढच्या महिन्याच्या वार्षिक बैठकीला पाठवायचं ठरवलं, म्हणजे मार खायला माणूस हवा म्हणून. बैठक समितीच्या कचेरीत, तिसऱ्या देशात. तुमच्याकडून कोण येणार ते मला माहीत नाही. विचारतही नाही.

तुझ्या देशाने तुला परत बोलावलं तेव्हा 'येतेस का' असं तू विचारलं नाहीस, आणि 'थांब' असं मी म्हटलं नाही. मला वाटलं ते तू पाहशील. तुला वाटलं मी. नंतर त्या जागी काय काय उगवलं ते आपण दोघंही आपापल्या अहवालात 'आढळले नाही' असंच लिहीत आलो.

पिंजरा आज रिकामा केला. टेबलावर इतकी शांतता आहे की हिशेबनीस कानांतला कापूस काढायचं विसरून गेलाय. मला अजून बसवत नाही.

आईंनी पडद्याचं कापड आणलंय. परत पोपटीच. खिडकीचं माप त्यांनी आठवणीने घेतलं, वीतभर आखूड झालंय असं मला वाटतं, पण मी बोलत नाही. टपालाने पाठवू का विचारलं तर म्हणाल्या, "सामान आहे का तो, पाठवायला?" बैठकीला माझ्याबरोबर येणार म्हणतात. पिशव्या भरायला घेतल्यात. दोनच आहेत, मुद्दाम बघितलं.

बैठकीत मांडायला कलम सातची दुरुस्ती लिहिली आहे. जुनं होतं: 'दोन्ही पथके कुंपणाच्या एक किलोमीटर अलीकडे थांबतील.' नवं असं: 'दोन्ही पथके समोरचे पथक दिसेपर्यंत चालत येतील.'

भाषा थोडी बाळबोध झालीय. दुरुस्ती सुचवायची असेल तर टपालाने नको. टेबलावर ये, चहा सांगून ठेवते. या वेळी गार व्हायच्या आत पिऊ.